भुंग्याचं बक्षीस

"आणखी काय द्यायचं त्याला, बाबा?"

रूपगिरी धापा टाकत मठाच्या ओसरीवर येऊन उभा राहिला. एका हातात साखळी, दुसऱ्या हातात तूप माखलेली पोळी. खाली उतारावर मठाचा तरणा कुत्रा, भुंग्या, मजेत सरड्यांच्या मागे धावत होता.

टेकडीच्या पायथ्याशी बिबट्या आला होता. त्याने धनगराची शेळी उचलली, तेव्हापासून रूपगिरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. भुंग्याला त्यानेच कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं. अंधार पडताना तो हाकेला आला नाही, तर संपलंच.

"पोळी दिली, खवा दिला. तुमच्यापासून चोरून मटणही दिलं," रूपगिरी म्हणाला. हे सांगतानाही त्याची मान खाली गेली नाही. "मेल्याला 'ये' कळतच नाही."

"कळतं," मठाचे गुरू सोमेश्वरगिरी बाबा म्हणाले. "म्हणून तर येत नाही."

रूपगिरीने पोळी ओसरीच्या कडेला ठेवली.

"आला की काय करतोस?"

"खायला देतो आणि बांधतो. बांधू नको तर काय करू?"

"त्याला आवडतं काय?"

"उंडारायला. त्यातूनच तर वाचवायचंय त्याला."

बाबांनी साखळी मागून घेतली.

"रूपगिरी, ये."

तो गेला. बाबांनी साखळी त्याच्याच गळ्यात घातली, दुसरं टोक ओसरीच्या खांबाला अडकवलं आणि नैवेद्याच्या ताटातला एक पेढा त्याच्या तोंडात घातला. मग डोळे मिटून जपाला बसले.

रूपगिरीने पेढा गिळला. गुरूपुढे हूं की चूं करायचं नाही, ही मठाची रीत. नाकावर माशा बसल्या, पायांना मुंग्या आल्या. बाबा काही डोळे उघडेनात. त्याचा नुसता संताप संताप झाला.

बऱ्याच वेळाने बाबांनी साखळी काढली. रूपगिरी तडक अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला.

बाबांनी दुसरा पेढा उचलला.

"ये."

गुरूच्या हाकेला कुणी नाही म्हटल्याचं त्या मठात आजवर ऐकिवात नव्हतं. आपण काय करतो आहोत हे रूपगिरीला पक्कं ठाऊक होतं.

"नाही येणार," तो म्हणाला. "शाप द्या, नाहीतर मठातून हाकला. पेढा तुम्हीच खा."

बाबांनी पेढा खरोखरच खाल्ला. बोटं पुसली. साखळी गुंडाळून स्वतःच्या मांडीखाली ठेवली आणि उताराकडे पाहिलं.

"अजून ऊन आहे," ते म्हणाले. "खाली उतर, बोलव त्याला. आला की म्हण, जा."