गारठा सांगणारा तुकडा

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध मिस्त्री गॅरेज चालवत होते. सगळा गाव त्यांना वस्ताद म्हणे. हाताखाली निवृत्ती नावाचा शिष्य. लेकराबाळांचा बाप, हाताला कसब; पण वस्तादांसमोर अजून खाटेवर बसत नसे. त्या गॅरेजची रीतच होती, वस्ताद सांगतील ते आधी करायचं, का म्हणून ते मागाहून विचारायचं.

तिथं कापडाच्या एका व्यापाऱ्याची गाडी आली होती. खरं तर ती त्यांच्या बायकोची. बाईंनी उतारवयात हौसेनं चालवायला शिकून घेतली, आणि मग बाजार असो की लग्नकार्य, त्या चालवायच्या आणि शेठ शेजारी बसायचे. पुढं बाई गेल्या. गाडी तशीच उभी राहिली. एके दिवशी शेठनी मन घट्ट करून ती बाहेर काढली, तर रेडिएटरात पाणीच नव्हतं. इंजिन तापून जळालं. निवृत्तीनं भंगारबाजारातून तशाच दुसऱ्या गाडीचं चांगलं इंजिन आणून बसवलं.

पण बसवल्यापासून गाडी धड चालेना. सकाळी गार असताना चालू करावी तर कशी शहाण्यासारखी चालायची. तापली की मिसिंग मारायची, थरथरायची, काळा धूर सोडायची आणि चौकात थांबलं की बंद. निवृत्तीनं प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, हवेच्या नळ्या तपासल्या. मशीन लावून गाडीच्या कंप्युटरला विचारलं. त्यात एकही बिघाड दाखवेना.

शेठ रोज दुकान गड्यावर टाकून येऊन बसत. कारण तसंच होतं. त्यांची एकुलती लेक रेवती घाटापलीकडं सासरी होती. ओटी भरून झाली होती, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, आणि तिला याच गाडीतून आणायचं होतं.

त्या दुपारी तिचाच फोन आला.

"बाबा, सासूबाई विचारतायत, न्यायला कधी येणार? नाहीतर मी एस्टीनं येऊ का?"

"वेडी का खुळी तू? असल्या अवस्थेत एस्टी? गाडी होऊ दे नीट. आणि एवढी घाई कसली? तुझी आई नाही, घर नुसतं गार पडलंय. इथं येऊन काय करशील, बाळा?"

 "मला यायचंय, बाबा," पलीकडून एवढंच आलं.

वस्ताद खाटेवर पडून हे ऐकत होते. ते उठले. वैशाखाचं ऊन, वरचा पत्रा तडतडत होता, गाडी कशीबशी चालू ठेवलेली होती आणि अंगात आल्यासारखी हलत होती. वस्तादांनी इंजिनाला हात लावला, चटका बसला तसा मागं घेतला, धुराचा वास घेतला आणि म्हणाले, "निवृत्ती, गारठा फार पडलाय रे. माझं घोंगडं घे अंगावर."

निवृत्तीनं एकदा उन्हाकडं पाहिलं, एकदा वस्तादांकडं. घोंगडं घेतलं.

"डोक्यावरनं घे. शेठ, याला चहा सांगा, चांगला वाफाळता."

शेठ बघतच राहिले. पण चहा आला. निवृत्तीनं तोही प्याला.

"ते गाडीचं कव्हर आहे ना, तेपण टाक वरनं. हुडहुडी भरंल."

"वस्ताद, उकडून जीव चाललाय माझा."

"छट्! गारठा आहे. मी सांगतोय ना?"

"तुम्ही सांगताय म्हणून तर बसलोय बुजगावण्यासारखा. दुसरं कोणी असतं तर त्यालाच गुंडाळलं असतं."

"बरं, होतंय काय नेमकं?"

"काय व्हायचंय? छाती दाटलीय. धड श्वास घेता येईना."

"मग हिचं काय वेगळं होतंय?" वस्ताद गाडीकडं बोट करून म्हणाले. "हिलापण कुणीतरी सांगत बसलंय, गारठा आहे म्हणून."

निवृत्तीनं घोंगडं भिरकावलं आणि गाडी बंद केली.  मग त्यानं शेठकडं पाहिलं आणि शेठनी मान खाली घातली.

"वस्ताद, तुम्हाला सांगितलं नव्हतं," निवृत्ती म्हणाला. "जुनं इंजिन उतरवलं तेव्हा शेठनी हात धरला माझा. म्हणाले, तिच्या इंजिनातलं काहीतरी एक राहू दे रे गाडीत. मला नाही म्हणवेना. म्हटलं, एवढासा टेंपरेचर सेन्सर, त्यानं काय बिघडतंय? तोच या इंजिनात घातला."

इंजिन निवेपर्यंत तिघं थांबले. मग निवृत्तीनं तो पितळी तुकडा काढून वस्तादांच्या तळहातावर ठेवला.

वस्ताद सावकाश बोलले, "याचं काम एकच. इंजिन किती तापलंय ते कंप्युटरला सांगायचं. इंजिन गार असलं की पेट्रोल जास्त लागतं, तापलं की कमी. हा बिचारा त्या दिवशी बाईंच्या इंजिनासंगं पोळला, आणि तेव्हापासून एकच सांगत बसलाय, गार आहे, गार आहे. कंप्युटरचा याच्यावर विश्वास, तो पेट्रोल ओततोय. नवं इंजिन गुदमरतंय. यात लबाड कोणीच नाही. याच्या लेखी सगळं तिथंच थांबलंय, एवढंच."

त्यांनी तो तुकडा शेठच्या हातात दिला आणि बोटं मिटवली.

"ही खूण आहे, शेठ. देवघरात ठेवा, उशाशी ठेवा. पण आजची खबर हिला विचारू नका. तिकडं एक जीव उबेला यायचं म्हणतोय, आणि तुम्ही लेकीला सांगता, घर गार आहे. बाई गेल्या त्या दिवशी तुम्ही घराला हात लावून पाहिलात. त्यानंतर पुन्हा लावलाच नाही."

शेठनी उपरण्यानं डोळे टिपले.

निवृत्तीनं नव्या इंजिनाचा स्वतःचा सेन्सर बसवला, काजळलेले प्लग पुसले, पाणी भरलं आणि गाडी चालू केली. गाडी तापली, आणि तापूनही एका सुरात चालत राहिली. शेठनी बॉनेटपाशी कान नेला. किती तरी वेळ ऐकत राहिले.

"हिचा आवाज वेगळा आहे," ते म्हणाले.

"असणारच," वस्ताद म्हणाले. "तो आवाज आता नाही यायचा, शेठ."

शेठनी मान हलवली. मग फोन लावला.

"रेवा, निघतोय मी."

"आज?"

"आत्ताच. घरी आल्यावर काय खाशील, सांग."

पलीकडं हसू फुटलं. "शेंगोळी. आईच्या हातची..." आणि ती एकदम थांबली.

 शेठनी फोन ठेवला नाही.

"तिच्यासारखी नाही जमणार, पोरी. मी करीन तशी खावी लागेल. बिघडली तर दोघं मिळून संपवू."

शेठ स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि गाडी घाटाला लागली. निवृत्ती रस्त्याकडं बघत उभा राहिला, वळणावळणावर आवाज ऐकत, तो पार विरून जाईपर्यंत. वस्तादांनी खाटेवर सरकून जागा केली, आणि आज प्रथमच निवृत्ती त्यांच्या शेजारी बसला.

गेलेल्या माणसाची ओढ घरात जन्मभर असू द्यावी. फक्त घराला ऊब किती आहे, ते रोज आपल्या हातानं पाहावं.