उगवतीची खूण

भक्तहो, कवठसर गावाच्या खालच्या अंगाला एक ओढा आहे आणि ओढ्याकाठी हरळीचा लहानसा पट्टा आहे. हरळीकर महाराज कवठसरला आले की त्यांचा मुक्काम तिथेच असे. कोणी पाट आणावा, कोणी घोंगडी अंथरावी, तर महाराज ते सगळे हाताने बाजूला सारत आणि हरळीवर बसत. "ही मला टोचत नाही आणि मी हिला जड होत नाही," असे म्हणत. त्यावरूनच ते नाव पडले. खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी विचारलेच, तर महाराज हसून त्याच्याच घरची खुशाली विचारीत.

तिथे घडलेली ही हकिकत. मी ती किती वेळा सांगितली असेल, पण आजही मधल्या एका ठिकाणी माझा आवाज कापतो. ते ठिकाण आले की तुम्हाला कळेलच.

गावात रंगराव इनामदारांची मोठी बाग होती. त्या बागेत कोंडाबाई नावाची माळीण वीस वर्षे राबत होती. नवरा गेल्यावर त्याचे खुरपे तिने हाती घेतले ते कधी खाली ठेवले नाही. गुलाबाला डोळा भरणे असो, जाईचा वेल मांडवावर चढवणे असो, तिच्या हाताला यश होते. तोंडाने मात्र अगदी गरीब. मोठा माणूस समोर आला की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. बोलायची ती झाडांशी. "काय गं, रुसलीस का आज," असे ती मोगरीला विचारताना ऐकून लोक हसत. महाराज गावात नसले तरी संध्याकाळी ओढ्याकाठच्या हरळीतले तण काढून दोन घागरी पाणी घालायचे, एवढीच तिची भक्ती होती. आरती वगैरे तिला येत नव्हती.

इनामदारांच्या घरची एक रीत होती. घरात मुलगी जन्मली की तिच्या नावाने बकुळ लावायची. झाड आणि मुलगी बरोबर वाढणार. पण या रीतीला एक काळी किनार होती आणि ती घरात दबक्या आवाजात बोलली जाई. रंगरावांच्या आत्याची बकुळ वावटळीत पडली आणि त्याच महिन्यात आत्या गेली. तेव्हापासून सगळ्यांच्या मनात घट्ट बसले होते, की झाड गेले तर मुलगी जाते. रंगरावांना एकच मुलगी, मथुरा. तिची बकुळ कोंडाबाईनेच लावली होती. आता झाड अठरा वर्षांचे झाले होते आणि मथुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती.

लेक येणार म्हणून बाग नव्याने मांडावी असे रंगरावांच्या मनात आले आणि त्यांनी शहरातून जिवाजीपंतांना बोलावले. पंत मोठमोठ्या वाड्यांच्या बागा आखून देत. त्यांच्या काखेत नकाशांची गुंडाळी, हातात मोजायची दोरी आणि नाक सदा वर. त्यांनी फाटकापासून ओसरीपर्यंत एक सरळ वाट आखली. दोन्ही बाजूंना सारखे वाफे, मधे हिरवळ. सगळे बेतशीर झाले, फक्त मथुराची बकुळ वाटेत दोन हात आडवी येत होती.

"झाड हलवावं लागेल," पंत म्हणाले.

रंगरावांना आत्या आठवली. पण पंतांनी छातीला हात लावून सांगितले की अशी शंभर झाडे आपण हलवली आहेत. श्रावणातला ढगाळ दिवस ठरला.

कोंडाबाई कुदळ घेण्याआधी अंगठ्यावर गेरू घेऊन आली. बकुळीच्या बुंध्याला, उगवतीच्या अंगाला, तिने एक ठसठशीत बोट ओढले. जुने माळी झाड हलवताना असेच करतात. पंतांनी विचारले, हे काय?

"खूण हाय, पंत," ती खाली बघत म्हणाली. "जे अंग उगवतीच्या कवळ्या उन्हात वाढलं, ते मावळतीचं ऊन सोसत न्हाई. नव्या खड्ड्यातबी ही खूण उगवतीलाच यायला हवी."

पंत गड्यांकडे बघून हसले. "ऐका. झाडाला दिशा कळतात म्हणे. उद्या त्याला पंचांग वाचून दाखवायला मला बसवशील." गडीही हसले. मालकाच्या माणसाला हसू आले की गड्यांना येतेच.

झाड मातीच्या गोळ्यासकट निघाले, ओंडक्यांवरून नव्या खड्ड्यापाशी आले. आता फाटक होते मावळतीला, आणि बकुळीची भरगच्च बाजू होती उगवतीची. येणाऱ्या पाहुण्याला आधी भरगच्च बाजू दिसावी, म्हणून पंतांनी झाड अर्धे फिरवायला लावले. कोंडाबाई "पंत, खूण..." एवढेच म्हणाली. पंतांनी ओले गोणपाट घेतले आणि गेरूचे बोट पुसून टाकले. "झाली तुझी खूण," ते म्हणाले. गड्यांनी माती लोटली.

भाद्रपद लागला आणि पाऊस गेला. मथुरा माहेरी आली, तिला बागेकडच्या खोलीत खाट दिली. खिडकीतून बकुळ समोर दिसायची. चार दिवसांत मावळतीकडची साल तडकली. मग पाने वळली, करपली आणि गळायला लागली. कोंडाबाईने बुंध्याला ओले गोणपाट गुंडाळले, तर बाग विद्रूप दिसते म्हणून पंतांनी ते काढायला लावले. शेवटी ती संध्याकाळीही झाड सोडेना.

 वाड्यात आचारी भांडे हळू ठेवू लागला. रंगरावांची बायको सकाळी उठली की आधी खिडकीशी जाई आणि पदर तोंडाला लावून परत फिरे. आणि मथुरा? ती उशीला टेकून पाने मोजत असे. किती गळली ते नाही, किती उरली ते. तिने जेवण टाकले. मग ताप भरला. सुईण बाहेर येऊन रंगरावांना म्हणाली, "सरकार, लेकरू पोटात हलतंय, पण आईनंच हाय खाल्लीय. अशी उपाशी राहिली तर कळा सोसायची न्हाई."

बापाचे काळीज ते! भीतीने त्या माणसाचा विचारच खुंटला. भर दुपारी त्यांनी सगळ्यांना बागेत बोलावले आणि झाड कशाने मरतेय ते विचारले.

आता खरे सांगायची वेळ पंतांची होती. पण तेही घाबरले होते. इनामदाराच्या लेकीचा जीव आपल्या माथी येणार हे त्यांना दिसत होते. ते म्हणाले, "सरकार, या बाईने मुळं आडवीतिडवी तोडली. विधवेचा हात मी लागूच द्यायला नको होता."

"खूण पुसली," कोंडाबाई कशीबशी म्हणाली.

"कसली खूण? हिने खूण केलीच नव्हती. विचारा गड्यांना."

गडी आपापल्या पायांकडे बघत राहिले.  कोंडाबाईला स्वतःचे भय होतेच. त्याहून मोठे भय त्या खिडकीतल्या पोरीचे होते. जन्मली त्या दिवशी जिच्यासाठी तिने खड्डा खणला होता, ती डोळ्यांदेखत चालली होती.

रंगराव म्हणाले, "झाडापाशी बस. दिवस मावळेपर्यंत त्याला जगव. माझ्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर तू आणि तुझं खोपट या गावात राहणार नाही." तेवढे बोलून ते तिथेच वाटेवर बसून राहिले. कोंडाबाई बुंध्याच्या भाजलेल्या अंगाला आपली पाठ लावून बसली, म्हणजे निदान तेवढे ऊन तरी झाडाला लागू नये. डोक्यावरचा पदर तिने सालीवर पसरला होता.

तिकडे ओढ्याकाठी, त्याच सकाळी गावात आलेले महाराज चार लोकांशी बोलत होते. बोलता बोलता त्यांनी हरळीवरून हात फिरवला आणि थांबले. "काल हिला पाणी मिळालं नाही," महाराज म्हणाले. "कोंडा आली नाही." आणि कोणाला काही कळायच्या आत ते उठून चालायला लागले. आजवर जे वाड्याची पायरी चढले नव्हते, ते महाराज फाटकातून थेट आत आले.

रंगराव धडपडत उठले. पंतांनी मात्र उपरणे सावरले. "महाराज, कीर्तन वेगळं आणि बागकाम वेगळं. इथे भस्म लावून भागायचं नाही."

"खरं आहे," महाराज म्हणाले. "मला बागकाम येत नाही, म्हणून विचारतो. पंत, झाडाला खूण होती का?"

"नव्हती."

"आठवून बघा."

"नव्हती म्हटलं ना."

महाराजांनी मान हलवली. मग ते कोंडाबाईपाशी उकिडवे बसले. "माय, याचं तोंड कुठं होतं गं?"  तिने हात उचलला आणि उगवतीकडे बोट केले.

भक्तहो, मी म्हटले होते ना, ते ठिकाण हेच.

महाराजांनी तिला उठवून बाजूला केले. बुंध्याच्या भाजलेल्या अंगावर उजवा तळवा ठेवला आणि ते प्रदक्षिणेला निघाले. एक पाऊल टाकले, आणि जमिनीखालून कर्र असा आवाज आला. गडी मागे सरले. दुसरे पाऊल, आणि फांद्या थरारल्या. वारा तर नव्हताच. वाळकी पाने सडासड खाली आली आणि खिडकीत मथुरा किंचाळली. रंगराव "महाराज, थांबा, झाड उपटेल" म्हणून पुढे धावले, पण त्यांचे पायच उचलेनात. महाराज चालत होते, तळवा सालीवरून सरकत नव्हता, आणि त्या तळव्याबरोबर बुंधा वळत होता. रुसलेल्या लेकराची हनुवटी धरून आई त्याचे तोंड आपल्याकडे वळवते, इतक्या सावकाश. पायाखाली मुळे करकरत होती. एका गड्याने कानांवर हात घेतले. अर्धी प्रदक्षिणा झाली आणि महाराज थांबले. सगळे शांत झाले.

बुंध्याभोवतीच्या आळ्यात कोंडाबाईने सकाळी पाणी घातले होते. ते अजून थोडे उरले होते आणि तळाची माती दिसेल इतके नितळ होते. अठरा वर्षांचे झाड अर्धे फिरले, पण आळ्यातले एक ढेकूळ फुटले नव्हते.

महाराजांनी हात काढला. उगवतीकडे आलेल्या त्या सालीवर, तळव्याखालच्या जागी, गेरूचे बोट होते. आत्ताच ओढल्यासारखे लाल.

पंतांच्या हातातली नकाशाची गुंडाळी खाली पडली. रंगरावांनी ते बोट पाहिले, मग पंतांकडे पाहिले. एक गडी रडत पुढे आला आणि म्हणाला, "सरकार, खूण व्हती. पंतांनी पुसली. आमी समदे हसलो."

महाराज त्या भानगडीत थांबले नाहीत. ते खिडकीशी गेले. मथुरा गज धरून उभी होती, अंग घामाने भिजलेले.

"पोरी, किती पानं उरली?"

"बावीस," ती म्हणाली.

"अगं, ती गळतील. उद्या एकही नसेल. झाड नव्या जागी असंच करतं, जुनं टाकतं नि मग फुटतं. त्याचा जीव मुळांत आहे. तुझा जीव त्या झाडात कोणी बांधलेला नाही. तुझ्या गळ्याला बांधलंय ते या घराचं भय. ते मी घेऊन चाललो. तू पेज पी."

मथुरा रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली आणि मग तिने पेज मागितली. महाराज सांगून गेले तसेच झाले. पहाटेपर्यंत झाडावर एक पान राहिले नाही, पण कोणी छाती बडवली नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा मथुरानेच सुईणीला सांगितले की खिडकी उघडी राहू दे. ऊन बागेत उतरायला आणि बाळाने टाहो फोडायला एकच गाठ पडली. मुलगी झाली. नवव्या दिवशी बकुळीच्या बोडक्या फांदीवर तांबूस कोंभ दिसला.

बाळ जन्मले त्याच सकाळी जिवाजीपंत एकटेच ओढ्याकाठी आले. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आपल्या एका खोट्याने दोन जीव गेले असते आणि तिसऱ्या बाईचे घर गेले असते, हे त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. ते महाराजांच्या पायांवर वाकू लागले, तर महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथे नाही, पंत."

कोंडाबाई पलीकडे घागर घेऊन हरळीला पाणी घालत होती. पंत तिच्याकडे वळले, पण मधेच अडखळले. शंभर झाडे हलवलेल्या माणसाला ती दहा पावले जड गेली. ते तिच्यासमोर उभे राहिले तेव्हा तीच बिचारी घाबरली.

"कोंडाबाई," ते म्हणाले, "खूण मी पुसली. खोटंही मीच बोललो."

 तिने महाराजांकडे पाहिले.

"तुझ्याकडे गेरू आहे का गं?" महाराजांनी विचारले. तिच्या कनवटीला पुडी होती. माळिणीच्या कनवटीला असायचीच. "मग त्यांनाही खूण कर. तेही उलटे लागलेत, त्यांचं तोंड कुठं असायला हवं ते त्यांना कळू दे."

कोंडाबाईने अंगठ्यावर गेरू घेतला. तिने पंतांच्या कपाळावर गेरूचे एक बोट ओढले, हलक्या हाताने, रोपाला लावावे तसे. पंतांनी डोळे मिटले. मग ते गुडघे टेकून वाकले आणि त्या माळिणीच्या चिखलाने भरलेल्या पावलांवर त्यांनी डोके ठेवले.

त्या दिवशी ते तसेच गावातून, भर बाजारपेठेतून, वाड्यावर गेले. लोकांनी कपाळाकडे बघून विचारले, पंत, हे काय लागलंय? पंतांनी ज्याला त्याला खरे सांगितले, आणि ते बोट पुसले नाही.