शेवंताचे ऐकणारे तळहात

निळ्या डोंगराच्या पायथ्याशी एक मोठ्ठी बाग होती. लालचुटूक जास्वंदी, पिवळाधमक सोनचाफा, पांढरीशुभ्र जाई! सकाळच्या कोवळ्या उन्हात पानापानावरचं दव असं चमचमायचं, की बघणाऱ्याचे डोळे दिपून जावेत. पण या बागेच्या अगदी टोकाला, जिथे कुणी पाहुणा फिरकत नसे, तिथे एका पत्र्याच्या खोपटात शेवंता राहायची. तिचे बाबा बागेत माळीकाम करायचे. शेवंता तान्ही होती तेव्हाच तिची आई तापाने गेली. आईचं म्हणून घरात एकच काय ते उरलं होतं, ती म्हणजे साय.

साय ही आईने पाळलेली मांजर. दुधावरच्या सायीसारखी मऊमऊ, पिवळसर पांढरी. शेवंता रडायला लागली की ती हळूच कुशीत शिरायची आणि घुर्रर्र करत बसायची.

पण त्या वर्षी साय फार थकली. तिच्या पाठीची हाडं हाताला लागू लागली. दिवसभर ती पाण्याच्या वाटीशी बसून लपलप पाणी प्यायची आणि खाण्याकडे मात्र ढुंकूनही बघायची नाही.

"बाबा, काय होतंय हो सायला?"

"वय झालं पोरी तिचं," बाबा म्हणायचे आणि तोंड फिरवून घ्यायचे.

त्याच दिवसांत कुंपणाशी राहणारी कुत्री रस्त्यावर गाडीखाली सापडून मेली. तिची तीन इवली इवली पिल्लं जास्वंदीच्या आडोशाला होती. शेवंता आपल्या वाटचं दूध घेऊन सकाळी तिथे गेली. एक पिल्लू केव्हाच गार पडलं होतं. तांबूस रंगाचं, ज्याला ती बदाम म्हणायची, ते आपल्याच शेपटीशी खेळत होतं. आणि तिसरा, तिचा काळाभोर भुंगा, कुडकुडत पडला होता. तो सारखा ओकत होता आणि त्याच्या शीतून रक्त जात होतं. शेवंताने त्याला फ्रॉकच्या टोकाने पुसलं. तिला हुंदका आवरेना. तिच्या डोळ्यांतलं पाणी शेजारच्या जाईच्या कळीवर टपकन पडलं.

कळी उमलली. आत बोटाएवढी परी बसली होती! तिचे पंख मोतिया रंगाचे होते आणि केसांत दवाचे कण लुकलुकत होते.

"शेवंते," परी मायेने म्हणाली, "उपाशी राहून तू यांच्यासाठी दूध आणलंस. एक इच्छा माग. पण अटी आहेत हं. स्वतःसाठी काही मागायचं नाही. गेलेल्या जिवाला परत मागायचं नाही. आणि इच्छा एकच."

शेवंताच्या ओठांवर आलेला एक शब्द तिने तसाच गिळला. मग ती म्हणाली, "माझ्या सायला बरं..."

तेवढ्यात भुंगा कण्हला.

"आणि याचं काय?" शेवंताने विचारलं.

"एका इच्छेत एकच जीव वाचतो, बाळ."

शेवंताने भुंगाच्या अंगावरून हात फिरवला. "परीताई, यांना कुठे दुखतं ते सांगताच येत नाही गं. म्हणून तर मी चुकीचंच काहीतरी करत बसते. मला यांचं दुखणं कळू दे. मग मी दोघांचंही करीन."

परीचे डोळे भरून आले. "नीट विचार कर. मग सायला माझी जादू मिळायची नाही. तुझ्या हातून होईल तेवढंच होईल. काही जीव वाचतील, काही नाही वाचणार. आणि दुःख ऐकून तू पाठ फिरवलीस, तर ही देणगी तुला सोडून जाईल."

शेवंताने डोळे मिटून मान डोलावली. परीने तिच्या तळहातांवर सोनेरी परागांची चिमूट टाकली आणि ती दिसेनाशी झाली.

शेवंताने भुंगाच्या पोटावर हात ठेवला. तिच्या तळहाताला स्पष्ट ऐकू आलं, 'आत आग होतेय. दूध नको. पाणी दे, थोडंसंच. थंडी वाजतेय गं.'

तिने त्याला गोधडीत गुंडाळलं. एका टोपलीत भुंगा, दुसरीत साय असे दोघांना घेऊन बाबा आणि ती गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी भुंगाला सलाइन लावलं. "पिल्लांची ही हगवण फार वाईट," त्या म्हणाल्या. "एकाची दुसऱ्याला लागते. दुसऱ्या पिल्लाला याच्यापासून लांब ठेव. याला हात लावलास की साबणाने हात धू. घाण झालेल्या चिंध्या जाळून टाका. आणि दुसऱ्याला लस टोचायला घेऊन ये." मग त्यांनी सायला तपासलं आणि त्यांचा आवाज हळू झाला. "हिची मूत्रपिंडं थकलीत गं. ती पुन्हा धडधाकट व्हायची नाहीत. पण हिला आराम मात्र देता येईल."

शेवंता राबू लागली. भुंगाला चमच्याने घोट घोट पाणी पाजायची, दवाखान्यात न्यायची. एका सकाळी त्याने डळमळत उभं राहून तिचं नाक चाटलं. बाबा मोठ्याने हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

सायसाठी तिने घरात जागोजागी पाण्याच्या वाट्या ठेवल्या. बिनमिठाची मासळी शिजवून, मऊ कुस्करून ती बोटावर भरवायची. 'तोंड कडू झालंय,' साय तळहाताला सांगायची, 'पण तू भरव, मी खाईन.' काही दिवस खरंच बरे गेले. साय उन्हात अंग चाटत बसायची. मग तिला उठवेनासं झालं.

एका दुपारी सोनचाफ्याखाली शेवंताने तिला मांडीवर घेतलं. 'दुखतंय का गं?' तिने हातानेच विचारलं. 'नाही आता,' साय म्हणाली. आणि मग तळहाताला एका बाईचा आवाज ऐकू आला, हसरा, जरासा घोगरा. 'ये गं साये, माझ्या बाळाजवळ नीज. तिला ऊब दे.' सायला आठवत होता तो आवाज. कळत्या वयात शेवंताने तो पहिल्यांदाच ऐकला.

मग तळहात गप्प झाला.

बाबांनी चाफ्याखाली खड्डा खणला. त्या दिवसापासून शेवंताने दोन्ही मुठी घट्ट मिटून घेतल्या. तिने कुणालाच हात लावला नाही. बदाम मान झटकत, कान खाजवत तिच्या पायाशी घोटाळायचा. खाजवून खाजवून त्याच्या कानातून रक्त आलं, तरी तिने मुठी उघडल्या नाहीत.

"बाबा, मला नाही आता काही ऐकायचं."

बाबा तिच्याशेजारी टेकले. "तुझी आई गेली तेव्हा मीही असाच बसून होतो पोरी. कुणाशी बोलायचो नाही. मग तू रडायला लागलीस. भुकेली होतीस. मला उठावंच लागलं."

शेवंताने मुठींच्या फटीतून आत पाहिलं. तिच्या तळव्यांतलं सोनेरी तेज विझत चाललं होतं. बदाम पुन्हा कुईकुई करत आला. तिने हळूच एक मूठ उघडली आणि त्याच्या कानावर ठेवली.

'आत काहीतरी वळवळतंय! सारखं सारखं!' बदाम इतका कुरकुरला, की रडता रडता शेवंताला हसू फुटलं. "चल रे, औषधाचे थेंब घालून घेऊ," ती म्हणाली आणि तिने त्याला कडेवर घेतलं.

तोच जाईचा वेल उजळला. परी पानावर उभी होती.

"देणगी जाता जाता राहिली, शेवंते," ती म्हणाली. "आता ती कायमची तुझी. आता कसलीही अट नाही."

"परीताई, साय कुठे गेली?"

"ते मलाही ठाऊक नाही गं," परी म्हणाली. "पण जाताना तिला भीती वाटली नाही. तिच्याजवळ तू होतीस."

मग परीचे पंख चमकू लागले, आधी मोतिया, मग केशरी, मग इतके लख्ख, की शेवंताने डोळे मिटले. तिने ते उघडले तेव्हा वेलावर नुसतं ऊन हलत होतं. आणि बागेच्या फाटकापाशी, लंगडणाऱ्या कुत्र्याला धरून, एक म्हातारबाबा विचारत होते, "दवाखान्यात ऐकलं म्हणून आलो. ती जनावरांचं दुखणं ऐकणारी मुलगी इथेच राहते का हो?"

"इथेच, आजोबा!" शेवंता म्हणाली, आणि बदामला कडेवर घेऊनच ती फाटक उघडायला धावली.