बाजेवरचा साक्षीदार

सासवडच्या पेठेत सरूबाई कासारांचं बांगड्यांचं भाड्याचं दुकान होतं. नवरा वारला, म्हणून त्या महिनाभर घरी राहिल्या. परतल्या तर घरमालक दौलतराव दुकानाच्या दाराला बाज लावून ऐसपैस पसरलेला! रोज विनवण्या केल्या, पण तो हलेना. भाडेकरूने विनाकारण सहा महिने बंद ठेवलेली जागा मालकाला परत मागता येते, म्हणून सहा महिने उलटताच त्यानेच दावा ठोकला, की दुकान वापरात नाही, मला परत द्या.

मालक अडवतो हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कुणी तयार होईना.

कोर्टात दौलतराव मिशीवर ताव देत म्हणाला, "साहेब, मी स्वतः पाहिलंय. दुकान एकदाही उघडलं नाही."

सरूबाईंनी हळूच विचारलं, "मालक, मधे कुठे गेला असाल, तेव्हा मी उघडलं असेल तर?"

"छट्! सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दाराला बाज टेकवून बसत होतो. जेवणसुद्धा तिथंच. तसूभर हललो नाही!"

सरूबाईंनी न्यायाधीशांना हात जोडले. "साहेब, मला साक्षीदार मिळत नव्हता, तो मालकांनीच दिला. माझ्या दुकानाचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं."

न्यायाधीशांनाही हसू आवरेना. दावा फेटाळला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सरूबाईंनी पहिला चुडा भरला तो दौलतरावाच्या सुनेला.