मुठीतला गुळाचा खडा

“मग देऊ की नको, महाराज? एवढंच सांगा.”

दिगांबर गभने तिसऱ्यांदा विचारत होता.

तुळशीगिरी महाराज मठाखालच्या घाटाच्या पायरीवर बसून झोळीची गाठ सोडत होते. पाच घरांची माधुकरी नुकतीच आली होती. वरणात कालवलेला भात, वांग्याची भाजी, पोळीचे दोन चतकोर, सगळं एकाच कापडात. थोड्या वेळानं ही झोळी ते वैनगंगेत तीनदा बुडवणार, आणि तिखटमीठ वाहून गेलं की उरेल ते जेवणार. तीस वर्षांचा नेम होता.

“काय देऊ की नको?”

दिगांबरनं पिशवीतून पांढरी बाटली काढून पायरीवर ठेवली. आत नारिंगी कॅप्सूल होत्या. पालवीसाठी मागवलेल्या.

पालवी त्याची मुलगी. आठ वर्षांची. डॉक्टर तिच्या कागदावर ऑटिझम लिहीत. शब्द बोटांवर मोजण्याइतके, त्यात ‘बाबा’ नव्हता. आत्ता ती चार पायऱ्या खाली आईजवळ, जोत्स्नाजवळ, बसून नदीत बोटं बुडवत होती आणि बोटांच्या टोकांवरून गळणारे थेंब उन्हाकडे धरून पाहत होती. एक थेंब गळला की पुढचा. तिला घाई नव्हती.

“शरीरात गंज चढतो म्हणतात, महाराज. मेंदूतसुद्धा. ही कॅप्सूल तो गंज काढते. अँटिऑक्सिडंट म्हणतात त्याला.”

“गंज…” महाराजांनी नदीत रोवलेल्या लोखंडी मोजपट्टीकडे पाहिलं. “तसा?”

“तसाच समजा.”

“पोरीचा कोणी पाहिला?”

“तो दिसत नाही, महाराज.”

“मग डॉक्टरला दिसला असेल.”

दिगांबरनं नजर बाटलीकडे वळवली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

“डॉक्टर म्हणाले, थोड्याशा मुलांवर करून पाहिलंय, सिद्ध काही झालेलं नाही. एवढ्या लहान पोरीला किती द्यायचं तेही पक्कं कोणी सांगू शकत नाही. फायदा होईल म्हणवत नाही, अपाय होणार नाही असंही म्हणवत नाही. मी लिहून देणार नाही, म्हणाले.”

“मग सांगितलं कोणी?”

“फोनवर आमचा आईबापांचा ग्रुप आहे. नागपूरकडच्या एकाचा मुलगा सतराव्या दिवशी…” त्याचा आवाज खाली आला. “सतराव्या दिवशी ‘बाबा’ म्हणाला.”

महाराज गाठ सोडवत राहिले.

नदीवर वारा नव्हता. पलीकडच्या तीरावर कुणीतरी म्हशी धूत होतं, तेवढाच आवाज.

“माझ्याकडे काहून आलास?” महाराजांनी विचारलं.

“जोत्स्ना म्हणते, महाराज हो म्हणाले तर मिसळते, नाही तर माझा हात उचलायचा नाही.”

“कशात मिसळणार?”

“दहीभातात. दुसरं ती काही खातच नाही. मुरमुरे खाते, पण मुरमुऱ्यात काही मिसळता येत नाही.”

महाराजांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा गाठीत बोटं घातली.

“पहिले काय काय खायची?”

हाच प्रश्न दिगांबरला हवा होता. त्यानं पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, खाकी वेष्टण घातलेली.

“सगळं आहे यात. चार वर्षं. एक दिवस खाडा नाही.”

नदीच्या पाण्याची पातळी मोजून वर कळवणं ही दिगांबरची नोकरी होती. सकाळी आठला पट्टी पाहायची, आकडा लिहायचा. पावसाळ्यात तासातासाला. त्याच्या आकड्यावर साहेब लोक डोळे झाकून सही करत. पोरीचं दुखणं कळलं त्या दिवशी त्यानं ही वही विकत आणली होती. रडत नव्हता बसला.

“पुराच्या दिवशीही लिहिलंस?”

“पुराच्या दिवशी दोन्ही लिहिलं. नदीचंही, पालवीचंही.”

“नदीला कधी गोळी दिलीस का रे?”

“नदीला?”

“चढली की उतरावी म्हणून.”

दिगांबर कसनुसा हसला. महाराजांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा नाकावर चढवला आणि वही उघडली.

पुढून उघडली तर औषधं. काय दिलं, किती दिलं, कशातून दिलं. मागून उघडली तर जेवण. काय खाल्लं, काय टाकलं. शाळेत असताना मुलं एका वहीचे दोन विषय करतात, तशी दिगांबरनं ती दोन्हीकडून भरत आणली होती. मधे थोडीच पानं कोरी उरली होती.

महाराज पुढचं एक पान वाचत, मग वही उलटी करून मागचं एक. झोळीच्या काठाचा दोरा तोडून त्यांनी एक तुकडा पुढे अडकवला, एक मागे. मग आणखी एक पुढे, आणखी एक मागे. दिगांबरला बरं वाटलं. चार वर्षांत एवढ्या बारकाईनं ती वही दुसऱ्या कोणी वाचली नव्हती. डॉक्टरांनीही नाही.

“अक्षर सुरेख आहे,” महाराज म्हणाले आणि वही मिटून खाली ठेवली.

“मग, महाराज?”

“लपवून देणार?”

“सांगून घेतली असती तर काय हवं होतं! पोर आहे. चार दिवस तोंड वाकडं करेल, मग सवय होईल. तुम्हीच नाही का, रोज चव धुऊन टाकता आणि जेवता? तुमचं काय बिघडलं?”

बोलून गेल्यावर दिगांबरला वाटलं, जास्त झालं. पण थकलेल्या माणसाला शब्द मागे घ्यायचाही कंटाळा येतो.

महाराज रागावले नाहीत.

“मी सोडली, बाप्पा. माझी कोणी चोरली नाही.”

खालून पालवीचा बारीक आवाज आला. उन्हात थेंब चमकला की ती असा आवाज करी. दिगांबर वळून पाहत राहिला. जोत्स्ना तिच्या पाठीशी बसून होती, गुडघ्यावर हनुवटी टेकून. तिनं डबा मांडीजवळ धरला होता. डब्यात दहीभात होता. त्याचं झाकण ती मधूनमधून उगाच दाबून पाहत होती.

“घे. तुझा वाटा.”

झोळी नदीत बुडवण्याआधी पाहुण्याचा वाटा बाजूला काढायचा, हा मठाचा रिवाज. पाहुण्यानं कशाला बेचव खायचं? दहा वर्षांत दिगांबरनं या हातचा कितीतरी प्रसाद खाल्ला होता. त्यानं पळसाचा द्रोण दोन्ही हातांनी घेतला आणि घास तोंडात घातला.

घास तोंडातच थांबला.

“महाराज… यात काय आहे?”

“काहून?”

“कडू लागतं.”

“चांगलं असते. रक्त शुद्ध होते.”

“पण आहे काय?”

“तुझ्या भल्याचंच आहे. खा.”

त्यानं घास गिळला. गुरूच्या हातचा होता. दुसरा घेतला, तो मात्र जाईना. घशाशी आला आणि तिथंच राहिला. डोळ्यांत पाणी जमलं.

“थुंक. लाजू नको.”

दिगांबर बाजूला वाळूत थुंकला. नदीच्या पाण्यानं दोनदा चूळ भरली. परत येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता.

“कडूनिंबाची पूड. चिमूटभर. तू पोरीकडे पाहत होतास तेव्हा टाकली,” महाराज म्हणाले.

“सांगायचं तरी, महाराज!”

“सांगितलं असतं तर खाल्लं नसतंस.”

“खाल्लं असतं! तुमच्या हातचं आहे म्हटल्यावर… नाक दाबून सगळं खाल्लं असतं.”

“हं…”

महाराजांनी कमरेच्या डबीतून गुळाचा खडा काढला.

“हे घे. तोंड गोड कर.”

दिगांबरनं खडा घेतला. तोंडाकडे नेता नेता त्याचा हात वळला. त्यानं खडा नाकाशी धरला. मग नखानं एक कोपरा मोडला आणि आतली बाजू उन्हाकडे करून पाहिली.

“नुसता गूळ आहे,” महाराज म्हणाले.

“हो, हो. माहीत आहे.”

पण खडा हातातच राहिला.

खालच्या पायरीवर जोत्स्ना हसली. हसण्यात आनंद नव्हता. फार दिवसांनी ओळखीचं काहीतरी दिसावं, तसं ते हसू होतं.

“अहो,” ती म्हणाली, “अश्शीच वास घेते ती.”

“काय?”

“पालवी. आधी वास घेते. मग असंच मोडून आत पाहते. आणि त्याच्याही आधी माझ्या हाताकडे पाहते. ताटाकडे नाही… माझ्या हाताकडे.”

दिगांबरनं पालवीकडे पाहिलं. जरा वेळानं त्यानं वही ओढून मांडीवर घेतली. एका हाताची मूठ मिटलेली होती, म्हणून दुसऱ्याच हातानं उघडली. पहिल्या दोऱ्याशी पुढचं पान. मग वही उलटी करून पहिल्या दोऱ्याशी मागचं.

दहा जून. दुधातून थेंब सुरू.

एकोणीस जून. दूध बंद. कारण समजत नाही.

त्यानं पुढचा दोरा पाहिला.

चार ऑगस्ट. वरणातून पूड सुरू.

अकरा ऑगस्ट. वरणभात बंद. कारण समजत नाही.

तिसरा दोरा केळ्याचा होता. चौथा पोह्यांचा. ‘कारण समजत नाही’ हे शब्द प्रत्येक ठिकाणी होते, आणि अक्षर खरोखर सुरेख होतं. नदी एक बोटभर चढली तरी ज्याला आदल्या दिवशी वर कुठं पाऊस झाला ते सांगता येई, त्या माणसाला आपल्याच वहीची दोन टोकं कधी जवळ आणून पाहावीशी वाटली नव्हती.

“तू मला कधी बोलली का नाहीस?” त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, राग यायलाही अंगात जोर लागतो.

“बोलले होते. दहीभाताला हात लावू नका, एवढं एक राहू द्या, म्हटलं होतं.” जोत्स्ना नदीकडे पाहत बोलत होती. “बाकीच्याला नाही म्हटलं नाही मी. मलाही वाटायचं, याच्यानं बोलेल… त्याच्यानं बोलेल. मिसळणारा हात तर माझाच होता.”

“दहीभात राहिला, माय?” महाराजांनी विचारलं.

“राहिला. म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

जोत्स्नानं डब्याचं झाकण पुन्हा दाबून पाहिलं.

ऊन पायरीवर आलं तशी पालवी उठली. थेंब संपले होते, किंवा तिच्यापुरते पुरे झाले होते. तिनं डब्यावर बोट ठेवलं. जोत्स्नानं झाकण काढलं, हात धुतले, ओले हात दोन्ही बाजूंनी तिच्यासमोर धरले. हे ती रोज करत असावी. दिगांबर रोज सकाळी आठला नदीवर असे आणि दुपारी कचेरीत. त्यानं हे कधी पाहिलं नव्हतं. वहीत तर नव्हतंच.

पालवीनं आईचे हात पाहिले. पंजे, मग मागची बाजू. खाली वाकून डब्याचा वास घेतला. एक शीत उचललं, जिभेवर ठेवलं, थांबली.

चार पायऱ्या वर दिगांबरही थांबला.

मग पालवी जेवायला लागली. मोठमोठे घास, ओठांच्या कडेला दही. आईच्या हातचे.

तुळशीगिरी महाराज झोळी घेऊन पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांनी ती एकदा बुडवली, वर काढली. पिवळं पाणी झिरपून प्रवाहात गेलं. दुसऱ्यांदा बुडवली. तिसऱ्यांदा बुडवली तेव्हा झोळीतून स्वच्छ पाणी गळत होतं.

ते वर आले. झोळी पिळली, पायरीवर बसले, आणि पहिला घास घेण्याआधी हात जोडले.

दिगांबरनं बाटली उचलली. हलवली. कॅप्सूल आत खुळखुळल्या. खाली टाकवेना, पिशवीतही घालवेना. सतराव्या दिवशी कुणाचा तरी मुलगा ‘बाबा’ म्हणाला होता, हे त्याच्या कानातून अजून गेलं नव्हतं.

“महाराज…” आता त्याच्या आवाजात हट्ट नव्हता. विचारल्यावाचून राहवत नव्हतं, इतकंच. “एकदाच सांगा. देऊ की नको?”

महाराजांनी त्याच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं.

“गूळ खाल्लास का?”