पिंगीची घोंगडी

माळाच्या कडेला वसलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. माणसांचे नव्हे, मुक्या जिवांचे. लंगडणारा बैल असो की पान्हा आटलेली शेळी, लोक त्यांच्याच अंगणात आणून बांधत. त्यांच्याजवळ दोन शिष्य होते. थोरला लिंबाजी आठ वर्षांपासूनचा, धाकटा केरबा गेल्या दसऱ्याला आलेला.

वैद्यबाबांच्या शिकवण्याची एक रीत होती. जनावर आलं की आधी शिष्यानं त्याच्या अंगावरून हात फिरवायचा आणि काय आढळलं ते सांगायचं. पटलं तर बाबा एकच शब्द उच्चारत, "बरोबर." नाही पटलं तर गप्प राहत. आठ वर्षं हा शब्द एकट्या लिंबाजीचा होता. आता केरबा वाटेकरी झाला. खरं पाहता शब्दच तो, दुसऱ्याला मिळाल्यानं आपला थोडाच झिजतो? पण लिंबाजीच्या पोटात दुखू लागलं. केरबाला शाबासकी मिळाली की त्या दिवशी याला भाकरी गोड लागेना. केरबाचं हसणं, बोलणं, एवढंच काय, त्यानं नीट घडी घालून ठेवलेलं धोतरसुद्धा याच्या डोळ्यांत खुपे.

एकदा बाबा चार दिवसांसाठी परगावी गेले आणि जाताना सारा कारभार लिंबाजीवर सोपवून गेले. त्याच दिवशी सिधू धनगर आपली कुत्री घेऊन आला. पिंगी तिचं नाव. शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांवर केस गेलेले, कातडी लाल, जागोजाग खपल्या. मेंढरं राखायची सोडून ती दिवसभर स्वतःचंच अंग चावत बसे, आणि त्या नादात मागच्या आठवड्यात लांडग्यानं एक कोकरू नेलं होतं. आठ दिवसांनी कळप पुढच्या मुक्कामाला हलणार होता. तोवर ती बरी झाली नाही तर तिला इथंच सोडून जावं लागेल, हे सांगताना सिधूचा आवाज जड झाला. जुन्या घोंगडीचा एक तुकडाही त्यानं सोबत आणला होता. त्यावाचून तिला झोप येत नसे.

केरबानं पिंगीच्या पाठीवरून बारीक फणी फिरवली. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकले. कणांभोवती तांबूस डाग पसरले. ही पिसवांची घाण, तिच्यात कुत्रीचंच रक्त आहे, असं तो नम्रपणे म्हणाला. ही परीक्षा त्याला कुणी शिकवली होती? खुद्द लिंबाजीनं! खरूज झालेलं कुत्रं आधी कानांच्या कडा आणि कोपरं खाजवतं, हेही लिंबाजी जाणून होता. पिंगीचे कान तर अगदी स्वच्छ होते. पण ते केरबाच्या तोंडून आधी आलं होतं ना! लिंबाजीनं नाक मुरडलं आणि ठणकावून सांगितलं की ही खरूजच.

मग गंधक घालून कढवलेलं करंजाचं तेल तो रोज दोन वेळा तिच्या उघड्या कातडीवर चोळू लागला. थोरल्याचा शब्द मोडायचा कसा, म्हणून केरबा गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी कातडी सोलवटली. लिंबाजी वाटी घेऊन जवळ गेला की पिंगी अंग चोरून भिंतीला चिकटे. त्याचं काळीज चरकलं. तरी आपलं चुकलं एवढं म्हणायला जीभ काही वळेना.

चौथ्या दिवशी बाबा परतले. त्यांनी पिंगीला निरखलं, कोपऱ्यात वाळत पडलेलं डागाळलेलं फडकं पाहिलं, पण रागावले नाहीत. पिंगीखालची घोंगडी ओढून त्यांनी अंगणात पसरली आणि लिंबाजीला म्हणाले, "यावर बस."

पिंगीची खबर घ्यायला आलेला सिधू चकित झाला. दुखणं कुत्रीला आणि बसायचं वैद्याच्या शिष्यानं, हा कुठला उपचार? लिंबाजी मुकाट्यानं बसला. थोड्याच वेळात त्याचा हात घोट्याकडे गेला, मग पोटरीकडे. पायांवर लाल पुटकुळ्या उठल्या.

बाबा त्याच्या शेजारी येऊन बसले. "पिसू कुत्र्याच्या अंगावर पोट भरायला येते, पण तिची अंडी, तिची पिल्लं सारी अंथरुणात वाढतात. अंगावरच्या तू माराव्यास, उद्या घोंगडीतल्या चढतील. तुझंही तसंच झालंय, बाळा. तुला वाटतं केरबा तुला चावतो. तो गेला तर उद्या दुसरा येईल, आणि तुझी आग तशीच राहील. ती जिथं वाढते ते अंथरूण तुझं आहे. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही."

लिंबाजीनं मान खाली घातली. मग उठून त्यानं चुलीवर हंडा चढवला आणि घोंगडी उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात टाकली. पडवी कानाकोपऱ्यातून झाडून निघाली. केरबानं कोमट पाण्यानं पिंगीच्या अंगावरचं तेल उतरवलं आणि सोललेल्या जागी खोबरेल लावलं. तिनं ते चाटू नये म्हणून लिंबाजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून राही. रोज फणी फिरे, आणि फडक्यावरचे डाग रोज थोडे कमी होत गेले.

आठव्या दिवशी सिधू आला तेव्हा केस उगवायचे होते, पण पिंगीचं खाजवणं थांबलं होतं. दूरवर मेंढरू ओरडलं आणि तिनं कान टवकारले. सिधूचे डोळे भरून आले. तिचं दुखणं नेमकं कुणी ओळखलं, असं त्यानं विचारलं.

केरबा जमिनीकडे पाहत राहिला. लिंबाजी पुढे झाला.

"केरबानं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. मलाही तेव्हाच कळलं होतं, पण त्यानं आधी सांगितलं म्हणून मी खोटं बोललो. तिची कातडी माझ्यामुळं सोलली."

पिंगी उठली, लिंबाजीच्या पायाशी आली आणि तिनं त्याचा हात हुंगला.

"बरोबर," बाबा म्हणाले. आणि या वेळी ते लिंबाजीकडे पाहत होते.