पेटीची वादी

करंजखेडच्या जहागीरदारांना शिकारीसाठी सुरा घडवून घ्यायचा होता. नमुना घेऊन दोघं सदरेवर आली. शहरातल्या नामांकित कारागिराची मखमली पेटी चामडी वादीने करकचून बांधलेली होती. झुंबर घिसाडणीने मात्र लाकडी मुठीचा काळा सुरा तसाच पुढे ठेवला.

कारभारी पंतांनी पेटी हातात घेतली आणि काळ्या सुऱ्याकडे पाहून नाक मुरडलं. "गाढवावर भाता लादून हिंडणारीचं लोखंड सरकारांच्या कमरेला? उचल ते!"

झुंबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्याने पातं हातात घेऊनसुद्धा पाहिलं नव्हतं! ती तोंड उघडणार, तेवढ्यात पेटीची गाठ सुटेना म्हणून कारागिराने कमरेची सुरी काढली आणि वादी सपकन कापली. त्या पात्यावर तीन ठिपके होते.

"ही सुरी कुठली हो, दादा?" झुंबरने विचारलं.

"बाजारात घेतली. दोन वर्षं झाली, धार उतरत नाही."

झुंबरने आपला सुरा उलटा केला. त्यावरही तेच तीन ठिपके होते.

"पंत," ती कडाडली, "यांचा सुरा पेटीतून काढायला यांनाच माझं लोखंड लागतं. मग रानात वाघ समोर आल्यावर सरकारांनी काय मखमल दाखवायची?"

जहागीरदारांनी काळा सुरा उचलून कमरेला खोवला. पेटी पंतांच्याच हातात राहिली.